पाठीच्या कण्यातील धातू आणि वाढते मूल

मुलीचा कणा वाकडा होत चालला आहे, शस्त्रक्रिया करून पाठीत धातूच्या दोन सळया आणि पंधरा-वीस स्क्रू बसवावे लागतील, असे डॉक्टरांनी सांगितले की आईवडिलांपुढे पहिला प्रश्न पैशाचा उभा राहतो आणि दुसरा जिवाच्या धोक्याचा. तिसरा प्रश्न बहुधा डॉक्टरांना विचारला जात नाही. तो घरी परतल्यावर शेजाऱ्यांना, नातलगांना आणि मुलीच्या शिक्षकांना विचारला जातो. एवढे लोखंड पोरीच्या अंगात आयुष्यभर राहणार, ते रक्तात तर उतरणार नाही ना? उद्या तिचे लग्न झाले, मूल झाले, तर त्याला काही बाधणार नाही ना?

असा प्रश्न अडाणीपणाचा समजून हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. वस्तुतः तो अत्यंत योग्य प्रश्न आहे. अस्थिरोगतज्ज्ञ व संशोधक गेली वीस-पंचवीस वर्षे तोच प्रश्न शास्त्रीय भाषेत विचारत आले आहेत. त्यांना मिळालेले उत्तर असे की धातू शरीरात उतरतो, पण फार थोड्या प्रमाणात. तो रक्तात मोजता येतो. त्यामुळे मुलांच्या एकंदर प्रकृतीला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. मात्र बाराव्या वर्षी बसवलेला धातू सत्तरीपर्यंत वागवणाऱ्या माणसांचा पुरेसा अभ्यासही झालेला नाही. या उत्तराला जे अनेक पदर आहेत ते प्रस्तुत लेखात उलगडून सांगण्याचा प्रयत्न केला आहे. बोरगाव, सौसर, पांढुर्णा या मराठीभाषक पट्ट्यातील पालक अशा प्रसंगी शिक्षकाकडेच सल्ल्यासाठी येतात. म्हणून या विषयाची माहिती शिक्षकवर्गाला असणे गरजेचे आहे.

कण्याचा बाक

पाठीचा कणा समोरून पाहिला असता सरळ उभ्या रेषेत दिसावयास हवा. तो एका बाजूला वळला आणि त्याबरोबरच मणके स्वतःभोवती थोडे फिरले म्हणजे त्यास स्कोलिओसिस म्हणतात. बोलीभाषेत त्याला सरसकट 'कुबड' म्हटले जाते, परंतु ते बरोबर नाही. कुबड म्हणजे कणा मागच्या बाजूला उंचावणे. आपल्याकडे मुलांच्या पाठीवर असा उंचवटा, सोबत दुखणे, बारीक ताप आणि वजन घटणे ही लक्षणे दिसली तर प्रथम मणक्याच्या क्षयरोगाची शंका घ्यावी लागते, आणि त्यावर मुख्य उपचार औषधांचा असतो. स्कोलिओसिस मात्र बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो लक्षात येत नाही.

१९४८ साली अमेरिकेतील जॉन कॉब या शल्यविशारदाने क्ष-किरण चित्रावर हा बाक अंशांत मोजण्याची रीत सांगितली. ती आजही वापरात आहे. दहा अंशांहून अधिक बाक असेल तरच त्यास स्कोलिओसिस म्हणतात. दहा ते सोळा वयोगटातील शंभर मुलांत दोन-तीन मुलांना तो असतो, पण त्यांपैकी बहुतेकांना कसल्याही उपचाराची गरज पडत नाही. लहान बाक मुलामुलींत जवळजवळ सारखाच आढळतो. मोठा बाक मात्र मुलींमध्ये मुलांच्या अनेक पट अधिक असतो. बहुसंख्य रुग्णांत त्याचे नेमके कारण सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने कणा वाकडा होतो हा समज पालकांत आणि शिक्षकांतही पक्का रुजलेला आहे, परंतु स्कोलिओसिसच्या बाबतीत तो खरा नाही. जड दप्तराने पाठ दुखेल, स्कोलिओसिस होणार नाही.

वाढीच्या वयात बाक पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असेल तर अंगावर घट्ट बसणारा पट्टा, म्हणजे ब्रेस, दिला जातो. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही याविषयी दीर्घकाळ वाद होता. अमेरिका व कॅनडातील रुग्णालयांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पट्टा वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही, तर पट्टा न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जी मुले दिवसातून जास्त तास पट्टा वापरत होती त्यांना अधिक लाभ झाला. पांढुर्ण्याच्या उन्हाळ्यात तेरा-चौदा तास प्लास्टिकचा पट्टा अंगावर ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे, हे येथे मान्य केले पाहिजे. तरीही धातू टाळण्याचा खात्रीचा मार्ग हाच, आणि तो केवळ बाक लवकर ओळखला गेला तरच खुला असतो. बाक ४५-५० अंशांपुढे गेला की वाढ थांबल्यावरही तो हळूहळू वाढत राहतो. फार मोठा बाक छातीच्या पिंजऱ्याला पिळतो आणि फुप्फुसांना जागा पुरत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

लोखंड नव्हे, पण धातूच

ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी स्टीलची सळी आणि आकडे तयार केले व १९६२ साली त्याविषयी लेख प्रसिद्ध केला. आजच्या सर्व पद्धती त्याच कल्पनेची पुढची रूपे होत. मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांच्या डोक्यांतून सळी ओवतात, बाक शक्य तेवढा सरळ करतात आणि मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. काही महिन्यांत ते मणके एकमेकांशी जुळून एकसंध हाड होते. खरा आधार पुढे या हाडाचाच असतो. धातूचे मुख्य काम हाड जुळेपर्यंत कणा धरून ठेवण्याचे आहे. ते झाल्यावरही तो सहसा काढला जात नाही, कारण काढण्यासाठी पुन्हा तेवढीच मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

या सळया तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार शस्त्रक्रियेसाठी बनवलेल्या स्टीलचा. त्यात लोखंडाबरोबर १७ ते १९ टक्के क्रोमियम, १३ ते १५ टक्के निकेल, थोडे मॉलिब्डेनम आणि दोन टक्क्यांपर्यंत मँगनीज असते. दुसरा प्रकार टायटेनियमचा. बहुधा त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेले असते. तिसरा कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा. स्टील स्वस्त व कडक. टायटेनियम महाग, परंतु त्याच्यामुळे पुढे एम.आर.आय. तपासणीत चित्र कमी बिघडते.

वरील यादीतील मँगनीज हा शब्द सौसरच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत 'सौसर समूह' म्हणून जे खडक प्रसिद्ध आहेत ते मँगनीजसाठीच, आणि त्याच पट्ट्यात नागपूर, भंडारा, बालाघाटच्या खाणी येतात. धातूचा संपर्क आणि धातूची विषबाधा यांतील फरक समजावून देण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही. मँगनीज अन्नातून अल्प प्रमाणात शरीरात जावेच लागते, त्याशिवाय काही शारीरिक क्रिया चालत नाहीत. तेच मँगनीज खाणीत किंवा भट्टीजवळ धुळीच्या व धुराच्या रूपाने वर्षानुवर्षे श्वासावाटे गेले तर मेंदूवर परिणाम होऊन चालणे, बोलणे, हातांच्या हालचाली बिघडतात. धातू एकच. प्रश्न किती, कोणत्या वाटेने आणि किती काळ, एवढाच असतो. सळीतील धातूविषयीही हेच तीन प्रश्न विचारावयाचे आहेत.

झीज कोठे होते

टायटेनियम किंवा स्टील गंजत नाही असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. हा थर काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. तो खरवडला गेला तर पुन्हा तयार होतो, पण प्रत्येक वेळी धातूचा काही अंश बाहेर सुटतो.

खरवडले कोठे जाते? बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणाऱ्या पालकाला हे सांगावे लागणार नाही. सतत थरथरणाऱ्या यंत्राचा बोल्ट कितीही आवळला तरी त्याच्या बुडाशी कालांतराने काळी-तांबडी पूड जमते. ती पूड म्हणजे दोन धातू एकमेकांवर किंचित, डोळ्यांना न दिसेल इतके घासल्याची खूण. पाठीतही घासण्याची जागा तीच आहे, सळी आणि स्क्रूच्या डोक्याचा सांधा. त्यात शरीरातील खारट द्रव शिरतो आणि फटीत अडकून राहतो, त्यामुळे झीज व गंज एकमेकांना मदत करतात. सुटलेला धातू दोन रूपांत असतो. सूक्ष्म कण जवळच्या मांसात साठतात, त्यांना शरीरातील भक्षक पेशी गिळतात आणि तो भाग काळपट पडतो. दुसरे रूप विरघळलेल्या अंशांचे. ते रक्तात मिसळतात. त्यांतील कोबाल्ट व क्रोमियम बऱ्याच अंशी मूत्रावाटे निघून जातात.

हाड पक्के जुळले की कण्याच्या त्या भागातील हालचाल जवळजवळ थांबते आणि घर्षणही घटते. म्हणून जुळणी चांगली झालेल्या मुलात झीज कमी असते. जुळणी अपुरी राहिली, स्क्रू सैल झाला किंवा सळी तुटली तर ती वाढते. शस्त्रक्रियेनंतर वर्षा-दोन वर्षांनी नव्याने सुरू झालेले दुखणे म्हणूनच अंगावर काढू नये.

मोजमापांनी काय सांगितले

ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील संशोधकांनी या प्रश्नावर विशेष चिकाटीने काम केले. २०१० साली त्यांनी स्टीलच्या सळया असलेल्या मुलांच्या रक्तातील क्रोमियमविषयी आणि २०१३ साली टायटेनियमच्या सळया असलेल्या मुलांविषयी निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही प्रकारांत संबंधित धातूंची पातळी इतर मुलांपेक्षा वाढलेली आढळली. टायटेनियमच्या बाबतीत असे दिसून आले की वाढ शस्त्रक्रियेनंतर लगेचच होते आणि दोन वर्षांनंतरही पातळी मूळ पदावर येत नाही.

या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन टोके टाळावी लागतात. रक्तात धातू सापडला म्हणजे विष भिनले असे नव्हे. सापडलेले प्रमाण एका लिटरमागे ग्रॅमच्या दहा लक्षाव्या भागांत मोजावे लागते. ते मोजण्यासाठी धातूचा अंश नसलेली खास नळी आणि अत्यंत संवेदनशील यंत्र लागते. तहसीलच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत हे होत नाही, आणि साध्या सुईने घेतलेल्या रक्तात सुईचाच धातू मोजला जाण्याची शक्यता असते. हाड जुळून गेलेल्या, काही त्रास नसलेल्या मुलाची अशी तपासणी नेमाने करावी असा प्रघातही नाही. दुसरे टोक असे की अपाय दिसला नाही म्हणजे अपाय नाहीच. लहान मुलाचे शरीर वाढत असते आणि पुढे साठ वर्षे बाकी असतात. साठ वर्षांचा निष्कर्ष पाच वर्षांच्या अभ्यासातून काढता येत नाही.

निकेलची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे प्रमाणापेक्षा प्रकृतीचा प्रश्न येतो. नकली दागिन्यांनी ज्या मुलीचे कान चिघळतात, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा पँटच्या बटणाखाली खाज सुटून पुरळ येते, तिला निकेल सोसत नसण्याचा संभव असतो. ही माहिती आईला असते, मैत्रिणींना असते, कधीकधी वर्गशिक्षिकेलाही असते, मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही. स्टीलऐवजी टायटेनियम निवडण्यासाठी एवढी माहितीही पुरेशी ठरू शकते.

सगळ्याचा दोष धातूवर टाकणेही बरोबर नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत काही मुलांच्या पाठीतून शस्त्रक्रियेनंतर दोन-चार वर्षांनी द्रव पाझरू लागला. जंतू सापडेनात म्हणून ती धातूची प्रतिक्रिया समजली गेली. पुढे नमुने प्रयोगशाळेत अधिक दिवस ठेवले तेव्हा त्यांतल्या अनेकांत त्वचेवर राहणारे, सावकाश वाढणारे जंतू निघाले.

खुब्याच्या सांध्याचा धडा

कण्यातील धातूविषयी काळजी वाढण्यामागे खुब्याच्या कृत्रिम सांध्याचे एक मोठे प्रकरण आहे आणि त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीच्या 'एएसआर' या सांध्यात कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा त्याच धातूच्या वाटीत फिरत असे. चालताना प्रत्येक पावलाला धातूवर धातू घासला जाई. पाच वर्षांत आठांपैकी सुमारे एका रुग्णाला सांधा बदलावा लागतो असे दिसून आल्यावर ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो मागे घेतला. तोपर्यंत सुमारे ९३ हजार रुग्णांना तो बसवला गेला होता. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी पोलिसांत तक्रार दाखल केली आणि दिल्लीच्या औषध नियंत्रकांना कळवले. केंद्र सरकारने २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०१८ मध्ये प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये देण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षी ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत भरपाई ठरविण्याचे सूत्र जाहीर झाले.

भरपाई देण्याची वेळ आली तेव्हा माणसे सापडेनात. ४,७०० शस्त्रक्रियांपैकी जेमतेम हजारभर रुग्णांचा माग लागला. उरलेल्यांच्या खुब्यात कोणता सांधा आहे, त्यांना त्रास होतो आहे का, ते हयात आहेत का, हे सांगता येईना. ज्यांच्याजवळ कागद होता त्यांना दाद मागता आली.

या प्रकरणावरून पालकाने घाबरून शस्त्रक्रिया नाकारावी असे मात्र मुळीच नाही. खुब्याचा सांधा फिरण्यासाठीच बसवलेला असतो, कण्यातील सळी न हलण्यासाठी. दोहोंतील झिजेची तुलना होऊ शकत नाही. खुब्याच्या बाबतीत ब्रिटनच्या नियामक संस्थेने रक्तातील कोबाल्ट किंवा क्रोमियम लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास पुढील तपासणी करावी असा आकडा ठरवून दिला. मुलांच्या कण्यासाठी असा सर्वमान्य आकडा कोणीच ठरवलेला नाही.

लांबणाऱ्या सळया

कण्यातही एक अपवाद आहे, आणि तो सर्वांत लहान मुलांचा आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा कणा जोडून टाकला तर त्याची वाढ खुंटते, छाती लहान राहते आणि फुप्फुसे पुरती वाढत नाहीत. म्हणून अशा मुलांत मणके न जोडता फक्त वरच्या व खालच्या टोकाला सळया अडकवतात आणि मूल वाढेल तशा त्या लांबवतात. पूर्वापार पद्धतीत दर सहा महिन्यांनी पाठ उघडावी लागते. एका मुलावर आठ-दहा वेळा शस्त्रक्रिया. यातून सुटका व्हावी म्हणून आत चुंबक असलेली सळी तयार झाली. बाहेरून पाठीवर यंत्र धरले की आतला चुंबक फिरतो आणि सळी काही मिलिमीटर लांबते. टाका नाही, भूल नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात तिचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले तेव्हा त्याचे सर्वत्र स्वागत झाले, आणि ते स्वाभाविक होते.

परंतु जी सळी लांबते ती हलते, आणि जी हलते ती झिजते. 'मॅजेक' या नावाच्या या सळया मुलांच्या पाठीतून काढून तपासल्या तेव्हा अनेक सळयांच्या आत टायटेनियमची काळी पूड सापडली. भोवतालचे मांस काळे पडलेले होते आणि काही मुलांच्या रक्तातील टायटेनियमही वाढलेले होते. काही सळयांच्या टोकाचे झाकण निखळले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून तिचा पुरवठा थांबवण्यात आला, अमेरिकेच्या नियामकानेही त्याच वर्षी डॉक्टरांना सावध केले, आणि सळी दोन वर्षांपेक्षा अधिक काळ अंगात ठेवू नये अशी मर्यादा घालण्यात आली. महाग असल्याने भारतात तिचा वापर मर्यादितच राहिला. येथे दुःखाची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंना मुलाचे हितच होते. वारंवार पाठ उघडण्यातला धोका खरा होता, काळी पूडही खरी होती. पूड पाहून पूर्वीच्या पद्धतीला निर्दोष ठरवणारा माणूस दहा वेळा भूल दिलेल्या मुलाला विसरतो.

लग्न आणि मूल

पालकांच्या मनातील खरा प्रश्न बहुधा हाच असतो, आणि त्याचे उत्तर बरेचसे दिलासा देणारे आहे. कणा जोडलेल्या स्त्रिया गरोदर राहतात, त्यांची प्रसूती सुखरूप होते. खुब्यात कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा असलेल्या गरोदर स्त्रियांचा ब्रिटनमधील एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. धातूचे अंश वारेतून बाळापर्यंत पोचतात, पण आईपेक्षा कमी प्रमाणात, असे त्यात दिसून आले. तेवढ्याने बाळाला व्यंग आल्याचे त्यात आढळले नाही. कण्यातील धातूचे प्रमाण त्याहूनही कमी असते.

प्रत्यक्षात अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. शस्त्रक्रिया करून प्रसूती करावयाची असल्यास कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करतात. कणा कमरेपर्यंत जोडलेला असेल तर ती सुई देणे अवघड होते. कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत जोडणी झाली आहे हे भूलतज्ज्ञाला आधी कळले तर तो दुसरी व्यवस्था करतो. मध्यरात्री कळा सुरू झालेल्या स्त्रीच्या सासरच्या मंडळींना ते सांगता येईल, अशी अपेक्षा करणे कठीण आहे.

कागद

या साऱ्या विवेचनातून एक अगदी साधी वस्तू पुढे येते. धातू अंगात राहणार साठ वर्षे, आणि त्याची माहिती असलेला कागद राहणार डिस्चार्जच्या पिशवीत. पिशवी पावसाळ्यात भिजते, घर बदलताना हरवते.

सौसर-पांढुर्ण्याच्या लोकांची अडचण आणखी एका कारणाने वाढते. गाव मध्य प्रदेशात, मोठे दवाखाने नागपूरला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा पांढुर्णा व सौसर या तहसिली छिंदवाड्यातून निघाल्या, परंतु गंभीर आजारी माणसाची गाडी आजही दक्षिणेकडेच वळते. शस्त्रक्रिया एका राज्यात, पुढची देखभाल दुसऱ्या राज्यात, अशी विभागणी झाली की दोन्हीकडच्या नोंदी अपुऱ्या राहतात. मुलगी लग्न होऊन अमरावतीला किंवा बैतूलला गेली की तिसरी जागा होते.

अस्थिरोगातील इम्प्लांट भारतात २००५ पासून औषध कायद्याच्या कक्षेत आले. वैद्यकीय उपकरणांचे स्वतंत्र नियम २०१७ मध्ये झाले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणामुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्याची राष्ट्रीय योजना जुलै २०१५ मध्ये गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे सुरू झाली. तिच्याकडे रुग्ण किंवा नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात, त्यासाठीचा निःशुल्क दूरध्वनी १८००-१८०-३०२४ हा आहे. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमावलीत रुग्णाच्या हाती इम्प्लांटचे कार्ड देण्याची सक्ती आहे. गंमत अशी की स्क्रू, पट्ट्या, तारा, खिळे यांना तेथेही त्यातून सूट दिलेली आहे.

म्हणून कार्ड मिळण्याची वाट न पाहता पालकाने ते मागून घ्यावे. इम्प्लांटच्या खोक्यावर चिकटपट्टी असते, तिच्यावर कंपनीचे नाव, धातूचा प्रकार, आकार आणि लॉट क्रमांक छापलेला असतो. ती शस्त्रक्रियेच्या कागदांवर चिकटवली जाते. पुष्कळदा स्क्रू एकेकट्या खोक्यात न येता तबकातून येतात व रुग्णालयातच निर्जंतुक केले जातात, तेव्हा प्रत्येकाची चिकटपट्टी मिळत नाही. अशा वेळी बिलावरील तपशील तरी घ्यावा. धातू कोणता, कोणत्या मणक्यांपासून कोणत्या मणक्यांपर्यंत, तारीख, आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला क्ष-किरण फोटो, एवढे चार तपशील एका पानावर लिहून घेतले आणि त्याची छायाचित्रे दोन-तीन भ्रमणध्वनींत ठेवली तर पुढच्या कोणत्याही डॉक्टरला काम चालवता येते. डॉक्टर असा कागद देण्यास नाखूश असतात असा समज आहे. बहुतेकांना तो कोणी मागितलेलाच नसतो.

शाळेत काय दिसू शकते

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यात शासकीय व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी केली जाते. मूळ यादीतील तीस आजारांत जन्मजात मज्जारज्जूचे दोष आहेत, वाकडी पावले आहेत, परंतु किशोरवयात होणाऱ्या स्कोलिओसिसचे नाव स्वतंत्रपणे नाही. तपासणी पथक वर्षातून एकदा येते आणि मुलगी सलवार-कुडता व ओढणीत उभी असते. एक खांदा वर, कमरेची एक घडी खोल, पाठीची एक पाती उचललेली, हे त्यात झाकले जाते. घरीही बाराव्या वर्षानंतर मुलीची पाठ आईखेरीज कोणी पाहत नाही, आणि आईही क्वचितच पाहते.

लंडनचे विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितलेली तपासणी याच कामाची आहे. मुलीने पावले जुळवून उभे राहावे, दोन्ही तळवे जोडावेत आणि गुडघे न वाकवता कमरेतून पुढे वाकावे. मागून पाहणाऱ्याला पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांकडे पाठवावे. शिक्षिकेने हे बंद खोलीत, आईच्या उपस्थितीत आणि पातळ कपड्यावरून केले तरी चालते. वर्गासमोर कधीही करू नये. 'कुबडी' हा शब्द एकदा मुलीला चिकटला की तो सळयांनीही सरळ होत नाही.

ज्या मुलीवर शस्त्रक्रिया झालेली आहे ती शाळेत परतल्यावर शिक्षकाकडून वेगळ्या गोष्टी लागतात. काही महिने बाकावर बराच वेळ बसणे तिला जड जाते. खेळाच्या तासाला तिला कायमचे बाजूला बसवण्याची गरज नसते, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर बहुतेक मुली धावतात, पोहतात. जखमेच्या जागी सूज, पाझर, नव्याने उठलेली कळ, पाठीत कटकट असा आवाज, किंवा पायांत मुंग्या व अशक्तपणा आल्याची तक्रार तिने केली तर वार्षिक परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. आणि तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर, जातीच्या व उत्पन्नाच्या प्रमाणपत्रांच्या फाईलमध्ये, त्या एका पानाची एक प्रत ठेवली आहे की नाही, हे दाखला देताना विचारून घ्यावे. या फाईली लोक हरवत नाहीत.